बाळंतविड्यातली चिठ्ठी

बनसोडे सिस्टरांनी टेबलाशेजारी मांडलेली खुर्ची मधुकर ओगले यांनी स्वतः उचलली आणि दाराआडच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. खुर्चीचा एक पाय आखूड होता. त्याच्याखाली त्यांनी औषधाच्या रिकाम्या खोक्याचा तुकडा दुमडून सारला, मांडीवर कोरी वही घेतली आणि बसले.

“तिथं कशाला बसताय सर? तिथं वारं न्हाई लागायचं.”

“इथंच बरं आहे. तुम्ही तुमचं काम करा. मी इथं नाहीच असं समजा.”

सिस्टर हसल्या. सांगलीहून आलेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला माणूस दाराआड बसलाय आणि तो नाहीच असं समजायचं, एवढं काही गिरगुंडी गाव आंधळं नव्हतं. रस्त्यानं जाणारी म्हातारी माणसंसुद्धा दारात थांबून, वाकून कोपऱ्यात बघून जात होती.

पण हुकूमच तसा होता. ‘चार दिवस फक्त बघायचं. विचारायचं नाही, शिकवायचं नाही आणि टेबलामागं बसायचं नाही,’ असं डॉ. क्षमा आगाशे यांनी बजावलं होतं. कृष्णाकाठ आरोग्य न्यासाच्या त्या नव्या संचालिका. अहमदाबादला कुठलासा अभ्यासक्रम करून आल्या होत्या आणि कुठल्याही गोष्टीवर एकच सांगायच्या: कागद बदलण्याआधी, तो ज्याच्या हातात जातो त्या माणसाजवळ जाऊन बसा. ओगल्यांची नोकरी तीस वर्षांची. नुसतं बघत बसायला भत्ता देणारी संस्था त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

ओगले म्हणजे न्यासाचा आकडेवारी विभाग. विभागात माणूस एकच, पण दरारा बावीस केंद्रांवर. लहान मुलांच्या लसींची नोंद ज्या वहीत व्हायची तो ‘नमुना सात’ दहा वर्षांपूर्वी त्यांनीच आखला होता. रकाने इतके नेटके की एखादी नर्स पानभर थापा मारायला बसली तरी तिसऱ्या ओळीला पकडली जायची. दरसाल फेब्रुवारीत बावीस वह्या सांगलीला यायच्या आणि ओगले लाल पेन्सिल घेऊन बसायचे. ज्या बाळाचा पहिला डोस झाला पण पुढचे नाहीत, त्याच्या ओळीवर लाल रेघ. त्याला म्हणायचं गळती.

गिरगुंडीची गळती सगळ्यांत मोठी होती. अठ्ठेचाळीस बाळांना त्रिगुणी लसीचा पहिला डोस, तिसरा फक्त एकोणीस जणांना. न्यासाचे अध्यक्ष आप्पासो इस्लामपूरकडचे मोठे बागायतदार, माणूस दिलदार, पण आकड्यापुढं कुणाचं ऐकायचे नाहीत. “बाई काम करत न्हाई, दुसरं काय,” म्हणून त्यांनी मार्चअखेर गिरगुंडी केंद्र बंद करायचं ठरवलं होतं. केंद्र बंद म्हणजे यशोधरा बनसोडे यांची नोकरी बंद, आणि मागच्या ज्या खोलीत त्या राहत होत्या ती खोलीही केंद्राचीच. त्याआधी एकदा बघून तरी येऊ द्या, असं म्हणून डॉ. आगाशेंनी महिन्याभराची मुदत मागून घेतली होती. आणि बघायला धाडलं कुणाला, तर लाल रेघ मारणाऱ्यालाच.

दहाच्या सुमाराला बनाबाई आपल्या लेकीला घेऊन आली. लेकीचं नाव तायव्वा. तिच्या हातांवर दीड महिन्याचं बाळ, बनाबाईच्या काखेत कापडाचं गाठोडं.

“उद्या धाडतोय हिला,” बनाबाई म्हणाली. “जावाई येतोय गाडी घिऊन.”

“इतक्यात? दीड म्हैनाच झालाय की.”

“काय करावं बाई, हिची सासू अडून बसलीया. म्हस व्यालीया म्हनं, धार कोन काढंल?”

सिस्टरांनी बाळाला मांडीवर आडवं घेतलं आणि सुई टोचली. बाळानं क्षणभर विचार केला आणि मग केंद्र डोक्यावर घेतलं. ते रडत असतानाच सिस्टर म्हणाल्या, “बाळंतइडा आणलास का?”

“आणलाय की. तुमीच सांगितलं हुतं, आणल्याबिगर टोचणार न्हाई म्हून.”

गाठोडं टेबलावर सुटलं. चार झबली, दोन टोपडी, लाल खणाची कुंची, गोधडी, काळ्या मण्यांची वाळी. माहेरच्यांनी बाळासाठी दिलेला बाळंतविडा. सिस्टरांनी औषधाच्या माहितीपत्रकाची पाठकोरी बाजू पुढ्यात ओढली आणि त्यावर काही लिहिलं. वर मराठीत, खाली कानडीत, कारण तायव्वाचं सासर अथणीकडचं होतं. चिठ्ठीची चौकोनी घडी करून त्यांनी ती कुंचीच्या आत ठेवली, कुंची झबल्यांच्या वर ठेवली आणि गाठोडं पुन्हा बांधून दिलं.

ओगल्यांची वही अजून कोरीच होती. कुंचीत चिठ्ठी, असं काही लिहावं इतकं ते महत्त्वाचं वाटेना.

बारा वाजता दुसरी एक पोरगी आली. ही या गावची सून, बाळंतपणाला आटपाडीकडं माहेरी गेली होती, परवाच परतली होती. बाळ तीन महिन्यांचं. सिस्टरांनी तारीख विचारली, माहेरच्या नर्सबाईनं दिलेलं चिटोरं बघितलं आणि बाळाला दुसरा डोस दिला. मग त्या उठल्या, भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटून त्याच्या मागच्या बाजूला उभ्याउभ्याच दोन ओळी लिहिल्या आणि पान सोडून दिलं. नमुना सातची वही टेबलावर मिटलेलीच राहिली.

हे मात्र ओगल्यांना सोसेना. विचारायचं नाही हा हुकूम त्यांनी सकाळपासून पाळला होता. तो तिथंच मोडला.

“सिस्टर, नोंद?”

“केली की सर.”

“कॅलेंडरवर? नमुना सातात का नाही?”

“तिथं धरत न्हाईत. हिचा पैला डोस माझ्याकडं झाला न्हाई. तुमच्याच वहीत छापलंय, पान दोनवर.”

पान दोन ओगल्यांना पाठ होतं. ‘आधीच्या डोसाची तारीख वहीत नसल्यास पुढील डोसाची नोंद धरू नये.’ हे वाक्य त्यांचंच. एका नर्सनं न टोचताच दुसरे-तिसरे डोस दाखवले होते, त्या साली त्यांनी ते घातलं आणि त्याबद्दल आप्पासोंनी भर बैठकीत त्यांची पाठ थोपटली होती.

दुपारी सिस्टरांनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणली. दोघं उंबऱ्याच्या आत सावलीला बसले. बाहेर पाण्याचा टँकर येऊन गेल्याच्या ओल्या खुणा रस्त्यावर होत्या आणि त्या बघता बघता वाळत होत्या.

“माझ्या नावावर लाल रेघ हाय, व्हय ना सर?”

“तुमच्या नावावर नाही. केंद्राच्या.”

“एकच की ते.”

ओगल्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. “सिस्टर, हे सगळं तुम्ही कार्यालयाला कळवायचं होतं.”

“दोनदा लिहिलं. पैलं बाळंतपण माहेरी असतं सर. इथल्या लेकी इथं येत्यात, पैला डोस घेत्यात आन् सासरला जात्यात. इथल्या सुना भाईर बाळंत हुत्यात आन् दुसऱ्या डोसाला माझ्याकडं येत्यात. जाणाऱ्या माझ्या गळतीत, येणाऱ्या कुणाच्याच हिशेबात न्हाईत. तुमचं उत्तर आलं हुतं. ‘नमुन्यात बदल करता येणार नाही.’ खाली म. ओ.”

म. ओ. म्हणजे तेच. असं उत्तर लिहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं, पण त्यांनी लिहिलं असणारच. अशी पत्रं ते दिवसाला चार लिहायचे.

“आणि ते कुंचीत चिठ्ठी ठेवणं?”

सिस्टरांचा चेहरा पहिल्यांदाच खुलला. “आधी नुसती हातात द्यायची. ती जायची ट्रंकेच्या तळाला, न्हाईतर देवामागं. मग मनात आलं, सासरला गेल्यावर पैलं काय सोडत्यात? बाळंतइडा. समद्या बाया गोळा हुत्यात. झबली किती, खण कसला, माहेरच्यांनी हात आखडता घेतला का, सगळं मोजून नावं ठेवत्यात. त्यात कागुद दिसला तर वाचल्याबिगर ऱ्हातील का? न वाचणारी बाई पोराला हाक मारून वाचून घेती. सासूच्या कानावर गेलं की काम झालं. तारीख मग सासूच ध्यानात ठेवती.”

ओगल्यांनी भाकरी संपवली. मग हात धुऊन त्यांनी वही उघडली आणि पहिली ओळ लिहिली: कुंचीत चिठ्ठी.

उरलेले तीन दिवस ते कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवरून नावं उतरवून घेत होते. पाच वर्षांची कॅलेंडरं सिस्टरांनी खिळ्याला एकावर एक टांगून ठेवली होती. येणाऱ्या, जाणाऱ्या, कोण कुठल्या गावी, कुणाच्या घरी, सगळं तिथं होतं.

सांगलीला घरी पोचले तेव्हा जिन्यात शेजारचे नानासो सायकलची चेन साफ करत बसले होते. दुपारभर जिना अडवून सायकल पुसणं आणि जाणाऱ्या-येणाऱ्याची चौकशी करणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग होता.

“काय ओगले, दौरा झाला? लेक हाय न्हवं अजून? कवा जाणार साताऱ्याला?”

“पाडव्यानंतर,” ओगले म्हणाले आणि सायकल ओलांडून वर गेले.

नाताळात विचारलं तेव्हा ते ‘संक्रांतीनंतर’ म्हणाले होते. त्यांची लेक मयूरी आठ महिन्यांच्या मुकुलला घेऊन साताऱ्याच्या सासरहून डिसेंबरात आली ती चार दिवसांसाठी. आता मुकुल भिंत धरून उभा राहत होता. का आली, कधी जाणार, हे घरात तिला नीट कुणी विचारलं नव्हतं. मयूरीची आई म्हणायची, राहू दे चार दिवस. ओगले म्हणायचे, राहू दे. विचारलं की उत्तर येतं आणि उत्तर आलं की काहीतरी करावं लागतं, एवढं नोकरीनं त्यांना शिकवलं होतं. बाहेर मात्र सगळे एकच विचारत होते, कधी जाणार, आणि ओगले प्रत्येकाला पुढच्या सणाची तारीख देत होते.

पण गिरगुंडीची सवय चार दिवसांत अंगाला लागली होती. त्या आठवड्यात ते घरातही बघत राहिले. मयूरीची सुटकेस माळ्यावर गेली होती आणि तिच्यावर धूळ बसली होती. तिच्या साड्या आईच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, नीट घड्या घालून लावलेल्या होत्या. बाहेर कुणाची स्कूटर थांबली की मयूरी मुकुलला उचलून आतल्या खोलीत जायची आणि स्कूटर पुढं गेली की बाहेर यायची. दर वेळी. जावयाकडं स्कूटर होती. पाहुण्यांसमोर तिच्या ब्लाउजच्या बाह्या कोपरापर्यंत लांब असायच्या. हे सगळं तीन महिने त्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

सोमवारी कार्यालयात त्यांनी गळतीची यादी पुन्हा काढली. या खेपेला सगळीच केंद्रं, नाव नाव वाचत. एरवी नावं वाचायची नसतात, रकाने वाचायचे असतात. सांगली शहर केंद्राच्या तिसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं. मुकुल श्रीकांत देवधर. पहिला डोस सांगली, दुसरा कोरा, तिसरा कोरा. जानेवारीत गोवराच्या रकान्यासमोर केंद्राच्या नर्सनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘मागील डोसांची नोंद नाही, आईस परत पाठविले.’ ओळीवर लाल रेघ होती. पट्टी लावून मारलेली, सरळ, त्यांच्याच हातची.

ओगल्यांना लाज वाटली. नियम चुकला याची तर वाटलीच, पण मयूरी पोराला घेऊन तिथवर गेली, परत आली आणि घरी एक अक्षर बोलली नाही, याची जास्त वाटली. सांगून उपयोग काय, असं तिला वाटलं असणार. त्यांनी यादी मिटून खणात ठेवली.

दुपारी पोस्टातून त्यांनी एकोणतीस जोडकार्डं आणली. गिरगुंडीच्या गळतीतली एकोणतीस बाळं, कॅलेंडरवर सापडलेले एकोणतीस पत्ते. अर्ध्या कार्डावर प्रश्न, अर्धं उत्तरासाठी कोरं, पत्ता घातलेलं. दुसरा डोस कधी, तिसरा कधी, कुणी दिला. अशी कामं ते शिपायाकरवी करवून घेत. ही सगळी कार्डं त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली.

तीन आठवड्यांत बावीस उत्तरं आली. काही मास्तरांनी लिहिलेली, काही नर्सांनी, एक कानडीत. एका कार्डावर कुणा सासूनं सांगून लिहवलं होतं की डोस तिन्ही झाले, बाळ चांगलं आहे, पण तुमच्या गिरगुंडीच्या व्याह्यांनी कुंची आखूड शिवली होती. बावीसपैकी वीस बाळांचे डोस पूर्ण होते. एकोणीस आणि वीस, अठ्ठेचाळीसांपैकी एकोणचाळीस. बावीस केंद्रांत इतका चांगला आकडा दुसरा नव्हता.

डॉ. आगाशेंनी ती कार्डं टेबलावर पत्त्यांसारखी मांडली आणि एकेक वाचली. कुंचीच्या कार्डाला मनापासून हसल्या. मग म्हणाल्या, “आता कागदाला हात लावू या, ओगले.”

ओगल्यांनी लावला. नोंद गावाची न धरता बाळाची धरायची, ज्या केंद्रात बाळ येईल तिथं पुढची ओळ भरायची, आणि दोन केंद्रांच्या नर्सांनी सांगलीची वाट न बघता एकमेकींना थेट पत्र टाकायचं. बाळासोबत एक जाड घडीचं कार्ड, खणाच्या छोट्या बटव्यात घातलेलं, बाळंतविड्यात शोभेल असं. पट्टी, पेन्सिल घेऊन ते दोन दिवस कार्ड आखत बसले. वर बाळाचं नाव, मग आईचं, मग माहेरचं गाव, मग सासरचं गाव. दहा वर्षांत त्यांना इतका आनंद झाला नव्हता.

विश्वस्तांची बैठक शनिवारी होती. बुधवारी न्यासाच्या जीपनं ते डॉ. आगाशेंना घेऊन गिरगुंडीला गेले. छापायला देण्याआधी कार्ड ज्यांनी भरायचं त्यांच्या हातून एकदा भरून बघायचं, असा बाईंचा आग्रह होता.

सिस्टरांनी बटवा उलटसुलट करून पाहिला, खणाचा काठ चाचपला. “झकास झालंय,” म्हणाल्या. पेन उघडून त्या एका बाळाचं कार्ड भरायला लागल्या. बाळाचं नाव. आईचं नाव. माहेरचं गाव. आणि पेन थांबलं.

“सर, हे सासरचं गाव कशाला?”

“पुढचं केंद्र तिथलं ना? तुम्हीच सांगितलंत.”

“जाणारीचं ठीक हाय. न जाणारीनं काय लिहायचं?”

“अशा थोड्याच असतात. त्यांनी रिकामं ठेवायचं.”

“रिकामं ठेवलं की तुमची लाल पेन्सिल जाती न्हवं तिथं?”

ओगल्यांनी मागं वळून बघितलं. डॉ. आगाशे खिडकीपाशी उभ्या होत्या. त्या मध्ये पडल्या नाहीत.

“सिस्टर, परवा हे छापखान्यात जायला पाहिजे,” ओगले म्हणाले. “शनिवारी बैठकीत दाखवायचंय. तुमच्याच केंद्राचा प्रश्न आहे. एवढ्यासाठी अडवून धरू नका.”

“मला कळतंय ते. माझीच खोली जायचीय.” सिस्टरांचा आवाज चढला नाही, पण पेनचं टोपण त्यांनी लावून टाकलं. “माझी पोरगी साक्षी बारा वर्साची हाय सर. ती चार म्हैन्याची असताना मी नवऱ्याच्या घरातनं निघाले. तवा हे कार्ड कुणी पुढ्यात ठिवलं असतं तर मी पोरगीला सुई न टोचता परत गेले असते. आठ बायांच्या म्होरं काय सांगणार, सासर न्हाई? या गावात न नांदणाऱ्या सात जणी हायत. एक बी केंद्रात येत न्हाई. आईच्या हाती पोर धाडत्यात.”

बाहेर ओट्यावर बायकांची बाळं रडत होती.

“मग काय विचारावं?” ओगल्यांनी विचारलं. तीस वर्षांत त्यांनी हा प्रश्न कुणा नर्सला केला नव्हता.

“बाळ आता कुठं ऱ्हाणार, एवढंच. सुई बाळाला टोचायचीय, सासरला न्हाई.”

ओगल्यांनी खिशातली लाल पेन्सिल काढली. स्वतः आखलेल्या ‘सासरचे गाव’ या शब्दांवर रेघ मारली आणि वर सिस्टरांचं वाक्य लिहिलं. मग बाजूचं ‘माहेरचे गाव’सुद्धा खोडलं. परतीच्या वाटेवर जीपमध्ये डॉ. आगाशे एवढंच म्हणाल्या, “त्या अडून बसल्या ते बरं झालं.” ओगले हो म्हणाले आणि वाटेतलं कवठे गाव येईपर्यंत बाहेर बघत राहिले.

शनिवारी आप्पासोंनी बटवा हातात घेतला, नाडी ओढून बघितली. “हे बायकांच्या कामाचं दिसतंय,” म्हणाले. “पण नर्सा एकमेकींस्नी परभारे पत्रं लिहिणार? मग हितं कार्यालय काय करणार?”

“वाचणार,” डॉ. आगाशे म्हणाल्या.

आप्पासो हसले नाहीत. त्यांनी आकड्याचा कागद जवळ घेतला. “एकोणचाळीस. झाक हाय. मग हे आधीचं एकोणीस कुणी काढलं हुतं?”

नियम, नमुना, पान दोन, त्या सालची ती नर्स, असं सांगण्यासारखं ओगल्यांकडं पुष्कळ होतं.

“मी,” ते म्हणाले.

आप्पासोंनी चष्म्यावरून त्यांच्याकडं बघितलं. “बरं,” आप्पासो म्हणाले. “गिरगुंडी ऱ्हाऊ दे. वर्सभर बघू.” आणि पुढचा विषय निघाला.

रविवारी सकाळी मयूरी स्वयंपाकघराच्या दाराशी बसून मुकुलला वरणभात भरवत होती. ओगले त्यांच्या खुर्चीत बसले नाहीत. कार्ड आणि पेन घेऊन ते तिच्यासमोर फरशीवर बसले. गुडघे कुरकुरले.

“नवीन कार्ड आहे,” ते म्हणाले. “मुकुलचं भरून टाकू.”

बाळाचं नाव त्यांनी लिहिलं. आईचं नाव लिहिलं. पहिल्या डोसाची तारीख त्यांना पाठ होती. दुसऱ्या आणि तिसऱ्याची मयूरीनं सांगितली, दोन्ही साताऱ्यातल्या, डॉक्टरच्या नावासकट, न अडखळता. गोवर राहिला होता.

“जानेवारीत तुला परत पाठवलं,” ओगले म्हणाले. “तो नियम माझा होता. चूक होता.”

मयूरीनं मुकुलच्या हनुवटीवरचा भात बोटानं वर सरकवला.

ओगल्यांनी शेवटची ओळ वाचली. सिस्टर वाचतील तशी, सरळ, आवाजात काही न आणता.

“बाळ आता कुठं राहणार?”

मयूरीचा घास धरलेला हात तसाच राहिला. आत मोरीशी तिची आई भांडी घासत होती. तो आवाजही थांबला. मुकुलनं तोंड उघडून वाट बघितली, मग आ आ केलं.

“तुम्हीच लिहा ना बाबा,” ती शेवटी म्हणाली. “तुम्हाला योग्य वाटेल ते.”

“हे मी नाही लिहायचं. आईला विचारून लिहायचं असतं.”

मयूरीनं हात पदराला पुसला. बाही कोपरावरून वर सरकली, दंडावरचा जुना व्रण दिसला, आणि तिनं बाही खाली ओढली नाही. पेन घेऊन तिनं कार्ड गुडघ्यावर ठेवलं आणि लिहायला लागली. घर नंबर, गल्ली, गावभाग, सांगली. पिनकोडसुद्धा लिहिला. आत भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा जरा जोरात.

सोमवारी नऊ वाजता ओगले मुकुलला कडेवर घेऊन जिना उतरले. त्यांच्या खांद्याला खणाचा बटवा होता आणि मागून मयूरी येत होती. जिन्यात नानासो सायकलचं मागचं मडगार्ड पुसत बसले होते.

“निघाली वाटतं पोरगी साताऱ्याला? पाडव्याच्या आधीच?”

“नाही,” ओगले म्हणाले. “मुकुलची गोवराची लस राहिलीय, ती द्यायला चाललोय. मयूरी आता इथंच राहणार आहे.”

नानासोंनी एकदा ओगल्यांकडं बघितलं, एकदा मयूरीकडं. मग फडकं खांद्यावर टाकून ते उठले आणि जिना मोकळा व्हावा म्हणून सायकल भिंतीला लावली.